वैकुंठाची वाट मराठीतून सांगणारे फादर थॉमस स्टीफन्स



नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना. १ तारखेला आपण सकल संतांचा सण साजरा करतो. २ तारखेला सर्व मृत भाविकांसाठी मिस्सा अर्पण करतो, कबरी साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. या दिवसांत घराघरांत एक प्रश्न हळूच डोके वर काढतो. गेलेले आपले माणूस आता कुठे आहे? ते पुन्हा भेटेल का? भेटेल तर ओळखू येईल असे भेटेल, की नुसत्या वाऱ्यासारखे? त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. ज्या मातीत ते माणूस जन्मभर राबले ती माती, ते रान, ते घर, या सगळ्याचे शेवटी काय होणार? स्वर्ग मिळाला की हे सगळे टाकूनच द्यायचे का?

या प्रश्नांची उत्तरे आपल्या श्रद्धेत आहेत. परंतु शिकवण नुसती सांगण्यापेक्षा, जी व्यक्ती ती शिकवण जगली आणि तिने ती आपल्याच मराठी भाषेत मांडली, त्या व्यक्तीची ओळख आज करून घेऊ या. ती व्यक्ती म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव मानाने घेतले जाते. आपण मात्र त्यांच्याकडे आज आशेचा माणूस म्हणून पाहू.

दोन मित्र

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडवर पहिल्या एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि कॅथलिक म्हणून जगणे धोक्याचे झाले होते. मिस्सा अर्पण करण्यास कायद्याने बंदी होती. धर्मगुरूंना लपूनछपून फिरावे लागे. तरुण थॉमस स्टीफन्स आणि त्यांचे मित्र थॉमस पाउंड हे दोघे एकत्र प्रवास करीत, तेव्हा स्टीफन्स पाउंड यांचे नोकर म्हणून वावरत असत. रोमला जाऊन येशूसंघात दाखल व्हायचे, असे दोघांनी ठरवले होते. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली.

स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी ते येशूसंघात दाखल झाले. तुरुंगातल्या मित्राला ते विसरले नाहीत. त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली आणि पाउंड यांना कोठडीत असतानाच येशूसंघाचे सदस्य करून घेण्यात आले. एक मित्र इंग्लंडच्या तुरुंगात आणि दुसरा हिंदुस्थानात, अशी दोघांची आयुष्ये गेली. या जगात त्यांची पुन्हा भेट झाली नाही. संतांच्या सहभागितेवर आपला विश्वास आहे, असे आपण दर रविवारी म्हणतो ना? त्या शब्दांचा अर्थ अशा मैत्रीत उमगतो. ख्रिस्तात जे एकत्र आले त्यांना भिंत तोडू शकत नाही, समुद्र तोडू शकत नाही आणि मरणही तोडू शकत नाही.

समुद्रावरचे सहा महिने

संत फ्रान्सिस झेवियर यांचे उदाहरण त्या काळच्या तरुण येशूसंघीयांच्या डोळ्यांसमोर असे. स्टीफन्स यांनीही हिंदुस्थानची वाट धरली. ४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा तांडा लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला उतरले. दोन-अडीच आठवड्यांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे.

त्या पत्रात प्रवासाचे हाल आहेत. ताजे अन्न आणि पाणी नसल्यामुळे माणसांच्या हिरड्या सुजत, पाय सुजत, हातपाय हलेनासे होत. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या अनेक जहाजांच्या मानाने ही संख्या थोडीच होती, यावरून त्या काळच्या प्रवासाची कल्पना यावी.

पण हे पत्र वाचताना एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. मृत्यू शेजारी निजलेला असताना हा तरुण डोळे उघडे ठेवून देवाची सृष्टी पाहत होता. पाण्याबाहेर उडणारे मासे, जहाजामागे येणारे पक्षी, सगळे तो टिपून ठेवत होता. किनारा जवळ आल्याच्या खुणा त्याने एकामागून एक नोंदवल्या आहेत. आधी हिंदुस्थानातले म्हणून ओळखले जाणारे पक्षी दिसले, मग वाहत आलेल्या माडाच्या फांद्या, मग पाण्यात पोहणारे साप, मग नाण्यासारखी गोल, जणू निसर्गानेच ठसा मारलेली एक वस्तू. गोव्यात उतरल्यावर माड आणि नारळ यांचेही वर्णन त्याने वडिलांना कळवले.

कोणाला वाटेल, स्वर्गाची ओढ असलेल्या माणसाला माशांशी आणि माडांशी काय करायचे? पण ज्याला निर्माणकर्ता आवडतो त्याला त्याची निर्मितीही आवडते. स्वर्गाची ओढ लागली म्हणून ज्याची पृथ्वीवरची नजर आंधळी होते, त्याची ओढ खरी आहे की नाही, हे तपासून पाहायला हवे.

कुंकळ्ळीचा घाव

गोव्यात फादर स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य साष्टी भागात, म्हणजे मडगाव आणि राशोलच्या परिसरात गेले. तिथे आल्यावर चार वर्षांतच मोठा आघात झाला. २५ जुलै १५८३ रोजी फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती चर्चसाठी जागा पाहायला कुंकळ्ळी गावी गेले असता मारले गेले. त्यांच्याबरोबर काही स्थानिक ख्रिस्ती भाविकांचाही बळी गेला. फादर रुडॉल्फ त्याच वर्षी फत्तेपूर सिक्रीहून, अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. पाचही जणांची प्रेते विहिरीतून काढून राशोलच्या चर्चमध्ये पुरण्यात आली. १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी त्या पाच जणांना धन्य घोषित केले.

या घटनेची दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. कुंकळ्ळीच्या लोकांचा राग त्यातून आला होता. हत्येनंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले गेले आणि तिथे त्यांना ठार करण्यात आले. सुवार्ता आणि तलवार एका वाटेने चालू लागल्या की काय होते, ते कुंकळ्ळीत दिसते. तिथे दोन्हीकडच्या घरांत रडणे झाले.

फादर स्टीफन्स यांनी त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात या पाच जणांच्या बलिदानाची हकिकत कळवली. मारले गेलेले त्यांचे सहकारी होते. अशा वेळी माणूस तीन गोष्टी करू शकतो. सूड मागू शकतो, परत जाऊ शकतो, किंवा मन कडू करून तिथेच राहू शकतो. फादर स्टीफन्स यांनी यातले काहीच केले नाही. त्यांनी त्या लोकांची भाषा अधिक खोलात जाऊन शिकायला घेतली. याच पत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. इथल्या भाषा आणि ग्रीक, लॅटिन या भाषा यांच्यात साम्य आहे, असे त्यांना जाणवले होते. पुढे दोनशे वर्षांनी विद्वानांनी ज्याचा मोठा अभ्यास केला, ते नाते या माणसाला तेव्हा दिसले. ज्या मातीत मित्रांचे रक्त सांडले, तिथल्या लोकांच्या जिभेवरचे शब्द आपल्या भाषेचे दूरचे नातलग आहेत, हे ओळखायला कान तर लागतोच, पण त्याआधी मन लागते.

गोदाकाठची ओवी साष्टीत

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. ज्या काळात फादर स्टीफन्स साष्टीत मराठी शिकत होते, त्याच काळात पैठणला संत एकनाथ हयात होते. १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि १५९९ साली त्यांनी देह ठेवला. ज्ञानेश्वर पैठणजवळच्या आपेगावचे. गोदावरीच्या काठी वाढलेली ओवी तोपर्यंत दक्षिणेत दूरवर पोहोचली होती. गोव्यातले लोक घरात कोकणी बोलत, पण पुराणे ऐकत ती मराठीतून. आणि ओवी म्हटले की आपल्याला केवळ पोथी आठवत नाही. पहाटे जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी ओवीतूनच माहेर गायले, पोरे गायली, दुःखही गायले.

साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षण मिळत होते. पण पूर्वी संध्याकाळी एकत्र बसून जी पुराणे ऐकायची, ती आता सुटली होती आणि त्यांची जागा रिकामी राहिली होती. आपल्या भाषेत आपल्यासाठीही असे काही असावे, ही त्यांची मागणी होती. ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच कवीने असा प्रसंग रंगवला आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एक जाणता ब्राह्मण पाद्रींना हीच विनंती करतो आणि त्या विनंतीतून ग्रंथ सुरू होतो.

हा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अध्याय असून दुसऱ्यात ५९ आहेत. त्यांना कवी अवस्वर म्हणतो. ओव्या एकूण सुमारे अकरा हजार. पहिल्या पुराणात जगाच्या निर्मितीपासून तारणाऱ्याच्या वाट पाहण्यापर्यंतचा जुना करार आहे आणि दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र आहे. इंग्लंडात जन्मलेला, रोममध्ये शिकलेला माणूस वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अकरा हजार मराठी ओव्या लोकांच्या हाती ठेवतो, हे आजही नवल वाटावे असे आहे. ग्रंथात त्यांनी मराठी भाषेची जी स्तुती केली, ती भाषेचा अभिमान सांगताना लोक अजून आठवतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच्या चारशे वर्षांहून अधिक आधी एका परदेशी धर्मगुरूने तिची थोरवी गायली होती. आणि ती गाताना त्यांनी उपमा घेतल्या त्या रत्नांच्या, फुलांच्या, सुगंधांच्या, पक्ष्यांच्या आणि झाडांच्या. जहाजावरचा तो तरुण म्हातारपणीही सृष्टी पाहतच होता.

जुना शब्द, नवा अर्थ

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी फादर स्टीफन्स वैकुंठ हा शब्द मोकळेपणाने वापरतात. हा शब्द वैष्णव भक्तांचा. विष्णूच्या निवासाचे ते नाव. दुसरा एखादा लॅटिन किंवा पोर्तुगीज शब्द त्यांना घेता आला असता आणि तसे शब्द त्या काळी घेतलेही जात होते. पण शेकडो वर्षे लोकांनी ज्या शब्दात आपली ओढ साठवली होती, तोच शब्द त्यांनी उचलला आणि त्यात ख्रिस्ताची ओळख भरली.

आपल्या भागात मृत व्यक्तीच्या नावाआधी कोणी कैलासवासी लिहितात, वारकरी घरांत वैकुंठवासी लिहितात. आपण ख्रिस्ती लोक ख्रिस्तवासी लिहितो. इतरांच्या श्रद्धेचा मान राखून आपण आपल्या या शब्दाकडे नीट पाहू या. कैलास आणि वैकुंठ ही स्थानांची नावे आहेत. ख्रिस्त हे स्थानाचे नाव नाही, ते व्यक्तीचे नाव आहे. म्हणजे आपल्या श्रद्धेप्रमाणे स्वर्ग ही प्रथम एक जागा नसून एक सहवास आहे. ढगांच्या वर कुठेतरी सोन्याचे गाव आहे की नाही, याची चिंता आपण करू नये. ख्रिस्ताबरोबर असणे, त्याच्यात पित्याला पाहणे आणि त्याच्यात एकमेकांना पुन्हा मिळवणे, हा स्वर्ग आहे. म्हणूनच त्याची सुरुवात मरणानंतर होत नाही, बाप्तिस्म्यात होते. आणि जे देवाच्या कृपेत गेले पण अजून पूर्ण शुद्ध व्हायचे आहेत, त्यांच्यासाठी आपण या महिन्यात प्रार्थना करतो ती याच सहवासाच्या बळावर.

देह आणि सृष्टी

पण एवढ्यावर आपली आशा थांबत नाही. प्राचीन ग्रीसमध्ये प्लेटोसारखे विचारवंत देहाला आत्म्याची कोठडी मानत. मरण आले की कोठडीचे दार उघडले, पाखरू उडाले, असा तो विचार. आपल्याकडेही असे बोलले जाते. ख्रिस्तसभेने हा विचार स्वीकारला नाही. संत थॉमस अक्विनास यांनी स्पष्ट शिकवले की केवळ आत्मा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे. आईला नुसता मुलाचा आत्मा नको असतो. तिला त्याचा आवाज हवा असतो, त्याचे हात हवे असतात. म्हणून विश्वासांगीकारात आपण देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास प्रकट करतो. पुनरुत्थित प्रभू येशू शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. त्याने जुना देह कबरीत टाकून दुसरा घेतला नाही. जो देह खिळला गेला तोच गौरवला गेला. जखमाही पुसल्या गेल्या नाहीत, त्या गौरवल्या गेल्या.

आणि देह आला की सृष्टी आलीच. आपला देह अन्नाचा, पाण्याचा, मातीचा आहे. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतात की सारी सृष्टी प्रसूतीच्या वेदना सोसणाऱ्या स्त्रीसारखी कण्हत सुटकेची वाट पाहत आहे. हे कण्हणे मरणाऱ्याचे नाही, जन्म देणारीचे आहे. प्रकटीकरणाच्या शेवटी माणसे पृथ्वी सोडून पळताना दिसत नाहीत. उलट देवाचे नगर खाली उतरते आणि देव माणसांत वस्ती करतो. त्या नगरात राष्ट्रे आपापले वैभव घेऊन येतात, असेही तिथे लिहिले आहे. मग मराठी भाषा, आपल्या ओव्या, आपल्या माणसांनी घामाने उभे केलेले चांगले काम, हे सगळे त्या वैभवात असणार नाही का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच शिकवले. माणसाने प्रेमाने केलेल्या श्रमाची चांगली फळे वाया जात नाहीत, ती शुद्ध आणि तेजस्वी होऊन आपल्याला पुन्हा मिळणार आहेत. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीविषयीच्या आपल्या परिपत्रकात हीच आशा पृथ्वीच्या काळजीशी जोडली.

आपल्या लातूर जिल्ह्याला एक उदाहरण पटेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, हजारो माणसे गेली आणि नंतर अनेक गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. नवी घरे मिळाली, रस्ते रुंद झाले. तरीही कित्येकांच्या मनात जुन्या गावचा वाडा, शेजार आणि दारातला लिंब राहिलाच. देवाची नवी सृष्टी अशा पुनर्वसनासारखी नाही. जुने गाव ढिगाऱ्याखाली सोडून आपल्याला दुसरीकडे घर देणारा तो देव नाही. जे ढिगाऱ्याखाली गेले तेच तो उठवणार आहे. गव्हाचा दाणा मातीत पडून मरतो आणि भरघोस पीक देतो, हे प्रभूचे उदाहरण शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कणसातला दाणा नवा असतो, पण तो पेरलेल्याच दाण्याचा असतो.

मातीत गेलेला ग्रंथ

फादर स्टीफन्स यांच्या ग्रंथाची कथाही अशीच आहे. तो मराठी लिपीत छापला जावा, अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला येशूसंघाचे प्रमुख क्लॉडिओ आक्वाविवा यांना पत्र लिहून ती कळवली. हे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या फादर रुडॉल्फ यांचे काका. अडचण मोठी होती. युरोपच्या लिपीला चोवीस खिळे पुरत, आपल्या लिपीला जोडाक्षरांसह सुमारे सहाशे साचे लागतील असे वाटत होते. ती इच्छा पूर्ण झाली नाही. ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. १६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यातच प्रभूघरी गेले. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नव्हते. त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली आणि कोकणीचे व्याकरण १६४० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्याची ओळख आहे. स्वतः लेखकाने मात्र ते छापील पाहिले नाही.

ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. पण १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला आणि दिवस पालटले. आज त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत हाती लागत नाही. कागदाच्या हिशेबाने हा ग्रंथ मेलाच होता. तो वाचला भाविकांमुळे. त्यांनी हाताने नकला केल्या, उपवासकाळात घराघरांत आणि चर्चमध्ये त्या ओव्या वाचल्या, गायल्या. गोवा सोडून कानडी मुलखात गेलेल्या कुटुंबांनी त्या बरोबर नेल्या. त्याच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. पुढे १९२० च्या दशकात लंडनच्या एका संग्रहात देवनागरी हस्तलिखित सापडले. १९५६ साली पुण्याला शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध केला. जी इच्छा मनात ठेवून म्हाताऱ्या फादरांनी १६०८ साली पत्र लिहिले होते, ती त्यांच्यामागे तीनशेहून अधिक वर्षांनी पूर्ण झाली. ज्यांनी त्या नकला केल्या, त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. देवाला ठाऊक आहेत.

आपण काय घ्यायचे

प्रिय भाविकहो, स्वर्गाच्या आशेवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक असा की ही गरिबाला गप्प बसवण्याची गोळी आहे. इथे सोस, वर मिळेल, असे सांगून लोकांना राबवून घेतले गेले, हे खोटे नाही. पण संदेष्टा यशया नव्या पृथ्वीचे चित्र काढतो तेव्हा काय सांगतो? तिथे जो घर बांधील तोच त्यात राहील, जो मळा लावील तोच त्याचे फळ खाईल. आपल्यातल्या कित्येकांनी आयुष्यभर दुसऱ्याचा ऊस तोडला, दुसऱ्याची घरे बांधली, दुसऱ्याच्या शेतात सालाने राबले. त्यांना देवाचे हे वचन गप्प बसवत नाही. ते सांगते की तुझ्यावरचा अन्याय देवाने पाहिला आहे आणि तो त्याला मान्य नाही. ज्याला ही आशा आहे तो आजच मजुराचा दाम पुरा मोजतो.

दुसरा आक्षेप असा की जग शेवटी नाहीसेच व्हायचे आहे, तर त्याची चिंता कशाला? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. रेणा नदीचे कोरडे पात्रही आपण पाहिले आहे. जी माती आणि जे पाणी देव नवे करणार आहे, ते आपण नासवून त्याच्या हाती द्यायचे का? विहिरीत साचलेला गाळ काढणारा, बांधावर झाड लावून जगवणारा, पाणी जपून वापरणारा माणूस त्याच नव्या सृष्टीची तयारी करत असतो.

फादर स्टीफन्स यांनी मायदेश सोडला, मित्र गमावले, मनातली लिपी छापलेली पाहिली नाही. तरी त्यांचे काही वाया गेले नाही. आपल्यातही असे कितीतरी जण आहेत, ज्यांच्या कष्टाचे फळ त्यांना डोळ्यांनी दिसले नाही. त्यांची नावे या महिन्यात आपण मिस्सामध्ये घेत आहोत. या आठवड्यात प्रत्येक घराने एवढे करावे. संध्याकाळच्या रोझरीनंतर आपल्या मृतांची नावे मुलांसमोर मोठ्याने घ्यावीत, त्यांनी काय चांगले केले ते एकेका वाक्यात सांगावे, आणि घरात कोणा वडीलधाऱ्या बाईला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या मुलांना ऐकवायला सांगाव्यात. त्या ओव्या आपण जपल्या तर राहतील.

हे प्रभू, आकाश आणि पृथ्वी तुझ्या हातची आहे. आमच्या मृतांना तुझा सहवास दे, आणि आम्हाला अशी आशा दे की जी आमचे हात कामाला लावील. आमेन.